टिल्डाच्या शब्दांचा कागद

१३ नोव्हेंबर, बुधवार

बोला! — रोझान म्हणाली. दिवसभर बोला. कप धुताना बोला, मोजे लावताना बोला, शेगडीत लाकूड घालताना बोला. "तिला कळो न कळो, हेल्मी. तुम्ही रेडिओ सुरू ठेवा!"

काउंटीकडून येणारी बाई. दर बुधवारी एक तास. मोठी पिशवी, मोठा आवाज, दाराशी बूट काढले तर पायांत दोन वेगवेगळे मोजे. टिल्डा त्या मोज्यांकडेच बघत बसली. "मुद्दाम घालते," रोझान म्हणाली. "मुलं बूट निघाल्या निघाल्या माझी होतात."

टिल्डा बावीस महिन्यांची आहे. सहा शब्द येतात. मुम्मू म्हणजे मी, उक्की म्हणजे तिचे आजोबा, राइमो. मग दूध, नाही, बॉल, भूभू. रोझानने हे सहा एका कागदावर लिहिले आणि कागद फ्रीजवर लावला. नवा शब्द आला की तारीख घालून मी लिहायचा. दोन वर्षांच्या मुलाला पन्नासच्या आसपास यावेत म्हणे. जानेवारीत तपासणी.

"आई असताना जास्त बोलायची?"

माहीत नाही, म्हटलं. माहीत आहे. काइसा होती तोवर ही सकाळपासून पाखरासारखी चिवचिवायची. शब्द नव्हते, पण घर भरलेलं असायचं. सप्टेंबरच्या तीन तारखेला काइसा म्हणाली डोकं फार दुखतंय, आणि दोन तासांत माझी मुलगी गेली. चौथ्या तारखेपासून टिल्डा इथे आहे.

संध्याकाळी राइमोने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"बोला म्हणाली."

"कोणाला?"

"आपल्याला."

त्याने सूप संपवलं. वाटी विसळली. मग म्हणाला, "कशाबद्दल?"


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. गावात औषधालाही पुरुष नाही. राइमो यंदा जाणार नव्हता. मीच म्हटलं, जा. तो गेला. एकदा तरी "नक्की ना?" विचारायला हवं होतं. पण आमच्यात विचारत नाहीत. माणूस जे म्हणतो ते खरं धरतात.

बाहेर फूटभर बर्फ. आत मी आणि ती.

रेडिओ सुरू केला. "मी कप धुते आहे. कप निळा आहे. पाणी गरम आहे." माझाच आवाज कुणा पाहुणीचा वाटला. टिल्डा माझ्याकडे असं बघत होती जसं काही फ्रीजच बोलायला लागलाय! दहा मिनिटांत घसा बसला.

मग मोज्यांचा खेळ. रोझानने सांगितलेला. धुतलेले सगळे मोजे जमिनीवर ओतायचे आणि जोड्या लावायच्या. हा उक्कीचा — मोठा! हा टिल्डाचा — छोटा! तिला आवडलं. राइमोचा मोजा तिने कोपरापर्यंत हातात चढवला आणि हसली. त्या अर्ध्या तासात मी तीन महिन्यांत बोलले नसेन इतकं बोलले.

आणि ढिगातून काइसाचा एक मोजा निघाला. करडा, टाचेला विरलेला. मी तो एप्रनच्या खिशात टाकला. हा कोणाचा, ते म्हटलं नाही. रेडिओ बंद.


१७ नोव्हेंबर, रविवार

कर्टिसचा फोन. टिल्डाचा बाप. लोखंडाचं खनिज नेणाऱ्या जहाजावर असतो. जहाज सू गावाच्या जलद्वारांपाशी थांबलं की त्याचा फोन लागतो, म्हणजे पाच-सहा दिवसांनी एकदा.

"ठीक?"

"ठीक."

"ती?"

"झोपली."

"बर्फ?"

"फूटभर."

"बरं."

काइसा चिडवायची — आई, तुझा जावई तुला शोभतो! लग्न त्यांनी केलं नव्हतं, पण जावईच म्हणायची.

तासाभराने त्याच्या आईचा फोन. डार्लीन. ग्रीन बेहून. फोन कानापासून लांब धरूनही ऐकू येतं.

"हेल्मी, मी सरळ बोलते, तुला माहीतच आहे मी कशी आहे! तुम्ही दोघं पासष्टीला आलात. तुमच्या त्या बर्फात ना पोरं ना शाळा. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर लहान मुलांचं केंद्र आहे. मी कर्टिसला म्हटलं, तो म्हणतो जानेवारीतली तपासणी होऊ दे. पोरगी मागे पडली असेल तर मी घेऊन जाणार. चालेल ना?"

"बरं," म्हटलं.

फोन ठेवला आणि हलकं वाटलं. एकदम, छातीवरून कोणी उठून गेल्यासारखं. हे लिहून ठेवते, कारण बोलणार कुठेच नाही.


२० नोव्हेंबर, बुधवार

रोझानने अर्धा तास नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं काय चुकतं सांगू? तुम्ही फार चांगले आहात!"

टिल्डाने कपाकडे पाहिलं की राइमो कप देतो. दाराकडे पाहिलं की मी कोट आणते. "तिला तोंड उघडायची गरजच काय? राजवाडा आहे हा!"

म्हणून आजपासून: बिस्किटं पारदर्शक बरणीत, झाकण घट्ट. हातमोजा एकच द्यायचा. बूट द्यायचा तर उक्कीचा. मग तिच्या तोंडाकडे बघत थांबायचं. मनात दहा मोजायचे. मध्ये बोलायचं नाही.

"गप्प बसायचं?" राइमो म्हणाला.

"दहा आकडे."

"पन्नासही जमतील," तो म्हणाला. रोझान इतकी हसली की टिल्डाही हसली.

बरणीचा खेळ जेवणानंतर केला. ती बरणीकडे बघते, माझ्याकडे बघते. मी मोजते आहे. सात... आठ...

"उघड!"

लख्ख. मी कागदावर लिहिला. सातवा. पेन हातात धरून फ्रीजसमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, आनंद झाला नव्हता.


२३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी झोपेतून उठली, पाळण्यात उभी राहिली, दोन्ही हात माझ्याकडे केले आणि म्हणाली, "ममा."

मी दहा मोजले नाहीत. एकही मोजला नाही. उचललं, खाली आणलं, दूध दिलं.

कागदावर लिहिलं नाही.


२६ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर वारा. आज तिची हनुवटी बघवत नाही. काइसाचीच आहे ती.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्की आणली नाही, राइमोच्या हरणाचं मांस होतं. तीन ताटं. दाराशी बुटांच्या स्टँडवर काइसाचे बूट अजून आहेत. ते हलवा असं राइमो म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

टिल्डाने दिवसभरात म्हटलेले: अजून. गरम. पडलं. बूट.

कागदावर काही नाही.

इथे लिहिते. एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढली. काचेवर जे दिसलं ते लिहिलं. न आवडणारं होतं तेही लिहिलं, ओळखीच्या माणसाचं होतं तेही. एकदाही आकडा फिरवला नाही. जूनमध्ये निवृत्त झाले. केक आणला होता त्यांनी. निघताना वाटलं होतं, आता सकाळ माझी. तशा सकाळी मला साठ मिळाल्या. मोजल्या आहेत.

मूल तिचं आहे. माझ्या काइसाचं. आणि मला दाराबाहेर पडायचं आहे. दोन्ही खरं आहे.


४ डिसेंबर, बुधवार

रोझानने केकचा बारा खळ्यांचा ट्रे मागितला. खळ्याखळ्यात एकेक वस्तू — बटाटा, कांदा, लाकडी चिमटा, चमचा, लोकरीचा गुंडा. वर एकेक रुमाल. टिल्डाने रुमाल ओढायचा, खाली काय ते बघायचं. "घरात जे आहे तेच खेळणं. दुकानात जाऊच नका!"

टिल्डा दर रुमालाला श्वास रोखते! आत्ताच पाहिलेला बटाटा पुन्हा निघाला तरी तोच अचंबा. मलाही हसू आलं, ते रोझानने पाहिलं.

मग ती फ्रीजपाशी गेली. "सातच? नवे काही?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही."

टिल्डा जमिनीवर बसून बटाट्याला झोपवत होती. नशीब, त्या वेळी गप्प होती. रोझानने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या हाताखाली मी आक्रसले.


७ डिसेंबर, शनिवार

शनिवारचा सौना, म्हणजे वाफेची आंघोळ. राइमो दुपारपासून मागच्या झोपडीत लाकडं पेटवून ठेवतो. आधी तो टिल्डाला नेतो, खालच्या बाकावर, ऊब कमी असते तिथे, पाच-सात मिनिटं. मग मी टॉवेल घेऊन कपडे बदलायच्या खोलीत उभी राहते आणि तिला घेते. नेहमीचंच.

आज दाराबाहेर उभी होते आणि आतून बोलणं ऐकू आलं. मला वाटलं शेजारचा कोणी आला.

राइमो होता.

"इथे बसायची तुझी आई. तुझ्याएवढी होती. किती पाणी ओतायची! उक्की म्हणायचा, काइसा, पुरे गं, भाजशील. मग ती काय करायची?"

"ओत!"

"ओतायची. आणि मग?"

"पळ! पळ!"

"पळायची. नागडी, बर्फात! आणि मुम्मू मागून?"

"टॉवेल!"

मग ती दोघं हसली.

बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. काइसाच्या दफनानंतर माझ्याशी तो हवा आणि लाकडं याखेरीज बोललेला नाही. आणि दर शनिवारी आत हे चालू असतं! तिचं नाव घेतो. हसतो. मी लाकडी भिंतीच्या अलीकडे उभी, हातात टॉवेल. शब्द मोजत होते. सवय. एकोणीस झाले तेव्हा दार उघडलं आणि वाफेतून ती माझ्या अंगावर आली.

"काय गं, रडतेस?" राइमो म्हणाला.

"वाफ," म्हटलं.


८ डिसेंबर, रविवार

वहीच्या शेवटच्या पानांवर खरी यादी सुरू केली. तारखांसकट. निदान कुठेतरी असू दे.


१२ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस घराबाहेर पाय नाही. बर्फ खिडकीच्या मध्यापर्यंत. स्वयंपाकघरात दुपारी एकला दिवा लावावा लागतो. राइमो दारापासून सरपणापर्यंत बोळ उपसतो, सकाळी तो पुन्हा भरलेला असतो.

निसूचं, म्हणजे वेणीच्या गोड पावाचं, पीठ मळलं. वेलदोड्याचा वास सुटला की ती धावत येते. तिला एक गोळा दिला — थाप, लांब, वळ, वेणी. पिठाचे हात माझ्या तोंडाला लावले. नाक म्हणाली. मग माझं नाक, उक्कीचं नाक, भूभूचं नाक.

राइमो बोळ उपसून आला, तिच्या लंगोटांची बादली उचलली आणि म्हणाला, "घे, निवृत्तीची मजा!" नेहमी म्हणतो. म्हणजे त्यालाही जड होतंय. ग्रीन बेला गेली तर त्याचाही जीव सुटेल. दोघांचंही त्यात भलं आहे.

असं मी मनाशी म्हणते.


१८ डिसेंबर, बुधवार

रोझानने जमिनीवर निळ्या चिकटपट्टीचा रस्ता केला. टेबलाखालून, शेगडीला लांबून वळसा, दारापर्यंत. टिल्डा लाकडी गाडी घेऊन रस्त्यावर. थांब! चल! वळ! राइमो तीस वर्षं काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा. तो गुडघ्यांवर बसून तिच्या मागून लोणी लावायची सुरी ट्रकच्या पात्यासारखी धरून निघाला. रोझान म्हणाली, असा आजोबा बाजारात मिळत नाही.

जाताना दाराशी हळू आवाजात: "कागदावर आठच आहेत, हेल्मी. ती तुमच्याकडे बघून समजते सगळं, डोळे हुशार आहेत. मग बोलत का नाही? तिच्या आईबद्दल घरात बोलता तुम्ही?"

"राइमो बोलतो."

"आणि तुम्ही?"

मी तिला तिचे बूट दिले.


२४ डिसेंबर, मंगळवार

दरवर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायच्या. आजवर माझ्या आईवडिलांची, राइमोच्या भावाची. यंदा काइसाची.

राइमोने फावड्याने कंबरभर बर्फ उपसला तेव्हा दगड लागला. खड्ड्यात मेणबत्ती ठेवली, पेटवली. टिल्डा माझ्या कडेवर, नाकापर्यंत गुंडाळलेली. ती वाकली आणि — फू!

विझली. तिला वाटलं वाढदिवस.

राइमोने काडी ओढली, पुन्हा लावली.

फू!

"अजून," ती म्हणाली.

पुन्हा लावली. फू! अजून! सात वेळा. सातव्या वेळी राइमो हसायला लागला, बर्फात बसकण मारून, फावडं बाजूला टाकून. सप्टेंबरनंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आठव्यांदा तिने स्वतःच हात मागे घेतला आणि ज्योतीकडे बघत राहिली. म्हणाली, "ममा गरम."

राइमोने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे.


९ जानेवारी, गुरुवार

दोन वर्षांची झाली. उणे सत्तावीस. कर्टिसचं जहाज बर्फात अडकलंय, फोन नाही. डार्लीनचा होता — खोली रंगवून झाली, पिवळी. टिल्डाला फोन दिला. ती पलीकडच्या आवाजाने दचकली आणि काही बोलली नाही. "बघितलंस?" डार्लीन मला म्हणाली. "बघितलंस ना, हेल्मी? मला पोरीची काळजी वाटते!"

तिचा आवाज कापत होता. तिला खरंच काळजी आहे. हे आजवर मला सोयीचं नव्हतं.


१५ जानेवारी, बुधवार

तपासणी.

रोझानबरोबर दुसरी एक बाई आली, काउंटीच्या कचेरीतून. वाईट नव्हती. पण अनोळखी. टिल्डा लाकडांच्या पेटीमागे जाऊन बसली. चित्रं दाखवली, बाहुली दाखवली, फुगे सोडले. एक अक्षर नाही. पाऊण तास! राइमो दाराशी उभा, टोपी हातात पिळत.

शेवटी ती बाई म्हणाली, "मग घरच्या नोंदीवर जाऊ." रोझानने फ्रीजवरचा कागद काढला.

नऊ शब्द.

मी तिथेच होते. तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. वही उशीखाली, वीस पावलांवर. मी कॉफी ओतली.

मुलगी मागे आहे असं ठरलं. तिला आठवड्यातले चार दिवस इतर मुलांत, शिकवणाऱ्या माणसांत ठेवावं. सर्वांत जवळची सोय नव्वद मैलांवर, तेही रस्ता उघडा असेल तर. रोझान म्हणाली, तिची दुसरी आजी ग्रीन बेला असते ना?

सगळं मला हवं तसं झालं. रात्री ताट ठेवताना हातातून निसटलं. तेव्हा टिल्डा पेटीमागून म्हणाली, "मुम्मू, पडलं. फुटलं. अरे देवा!"


१७ जानेवारी, शुक्रवार

कर्टिसचं जहाज हिवाळ्यासाठी धक्क्याला लागलं. रविवारी आईला घेऊन येतोय. टिल्डाला न्यायला.

मी तिचे कपडे पेटीत भरत होते. राइमो दारात येऊन उभा राहिला. निघून जाईल असं वाटलं. गेला नाही.

"मलाही मोजता येतं, हेल्मी."

मी घडी घालत राहिले.

"कागदावर नऊ. मी एकटा तीसच्या वर ऐकलेत."

"मग बोलला का नाहीस? बुधवारी दाराशी उभा होतास!"

"मला वाटलं तुला नकोय ती. तुला जड जातंय. मी कशाला आड येऊ?"

"मला वाटलं तुला जड जातंय! रोज बादली उचलून म्हणतोस —"

"ती थट्टा होती."

"बेचाळीस वर्षांत मला कसं कळणार कुठली थट्टा आणि कुठली नाही?"

तो खाटेवर बसला. टिल्डाचा छोटा स्वेटर मांडीवर घेतला. म्हणाला, "ती गेली तर मी सौनात कोणाशी बोलू?"

मग आम्ही दोघांनी पेटी रिकामी केली. पण तेवढ्याने काय होतं! ठरलेलं तर ठरलंय.


१९ जानेवारी, रविवार

आले. डार्लीनने दारातूनच टिल्डाला जवळ ओढलं, गोड आहे गं माझी, केवढी झाली! टिल्डा तिच्या कानातल्या डुलांशी खेळली. कर्टिस बारीक झालाय. तो काइसाच्या बुटांपाशी थांबला, आपले बूट त्यांच्या शेजारी ठेवले.

मांस-बटाटा भरलेल्या पास्टी वाढल्या. खाणं झाल्यावर मी वही आणली.

"मला सांगायचंय काहीतरी. कागदावरचं खरं नाही. नऊ नाहीत. ती बोलायची आणि मी लिहायची नाही."

"विसरलात?" कर्टिस.

"नाही. मुद्दाम."

डार्लीनने काटा खाली ठेवला. "मुद्दाम? का?"

"ती तुझ्याकडे जावी म्हणून."

कर्टिस म्हणाला, "किती आहेत?"

"आणखी सदतीस."

"वाचा."

वाचले. बटाटा, म्हटलं. उंच खुर्चीतून टिल्डा म्हणाली, "बटाटा!" तिला खेळ वाटला. गरम — "गरम!" बूट. नाक. पळ. टॉवेल. मी म्हणायची, ती म्हणायची, दर शब्दाला हात आपटून. डार्लीनने तोंडावर रुमाल धरला. शेवटी तारखेने सगळ्यात पहिला होता तो राहिला. वाचू नये असं वाटलं. वाचला.

"ममा."

टिल्डाने तो म्हटला नाही. तिने मान वळवून एकेकाकडे पाहिलं — माझ्याकडे, उक्कीकडे, डार्लीनकडे. मग दाराकडे.

"ममा नाही," मी म्हटलं. आवाज माझाच होता. "काइसा नाही, बाळा. ममा मेली. मुम्मूलाही ती हवी आहे."

डार्लीन उठली. रडत होती आणि संतापली होती, दोन्ही एकदम. "पोरीचे शब्द लपवलेस! पिवळी खोली रंगवत होते मी, वेड्यासारखी, पोर मुकी राहील म्हणून रात्र रात्र झोप नाही! आणि आता? आता तर मुळीच ठेवणार नाही! जिला ती नकोय तिच्याकडे कशी ठेवू? सांग ना, कशी ठेवू?"

बरोबर होतं तिचं. जे सांगितल्याने ती राहिली असती तेच सांगून मी तिला घालवलं.

कर्टिसने कोट घातला आणि बाहेर गेला. छतावरून त्याच्या फावड्याचा आवाज दोन तास येत होता.


२० जानेवारी, सोमवार

आजही छतावर. राइमो वर जाऊन त्याच्याबरोबर उपसू लागला. दोघांत एक शब्द नाही, खिडकीतून नुसता बर्फ कोसळताना दिसतो. डार्लीनने टिल्डाची पेटी स्वतः भरली. माझ्या हाताला लागू दिली नाही. पेटी दाराशी आहे. टिल्डा तिच्यावर बसून चल! थांब! चल! करते आहे.

कर्टिस जेवताना एवढंच म्हणाला, "उद्या."


२१ जानेवारी, मंगळवार

डार्लीनची गाडी सकाळी एकटीच गेली. कर्टिसने आपली कॅनव्हासची पिशवी आणि टिल्डाची पेटी जिन्याने वर काइसाच्या खोलीत नेली. मार्चमध्ये जहाज त्याच्याशिवाय सुटेल म्हणाला. मग खाली आला, कॉफी ओतून घेतली, माझ्यासमोर बसला.

"तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मी कधी विचारलं नाही. आता विचारतो. हेल्मी, तुम्हाला काय हवंय?"

"गुरुवारी सकाळी दोन तास," मी म्हटलं. "एकटीला."